प्लास्टर वळवू की नको?

रेव्हिट ह्या घरांचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढणं सोप्पं हो, दोन क्लिक मारले की भिंत उभी. तिला भोक पाडलं की मग खरी मजा. खिडकी टाकली रे टाकली की सॉफ्टवेअरला जाणून घ्यायचं असतं की बाहेरचं प्लास्टर कडेला वळवून आत घ्यायचं, का आतलं बाहेर न्यायचं, का दोन्ही, का कोणीच वळायचं नाही. ह्याला म्हणतात रॅपिंग. सिनियरला विचारलं तर तो फोनवरून मान वर न करता म्हणतो, "बघ गो तूच."

आता आमची फोंड्याची साईट म्हणजे काय मोठी भानगड नाही, चिऱ्याची म्हणजे जांभा दगडाची भिंत, 230 मिलिमीटर, बाहेरून 20 चं प्लास्टर, आतून 12 चं, संपलं. पण वळवायचं ठरवलं म्हणून वळत नाही ना! भिंतीच्या सेटिंगमध्ये परवानगी पाहिजे, मग त्या लेयरच्या, म्हणजे थराच्या, पुढ्यात वेगळी टिक पाहिजे, आणि कुठपर्यंत वळायचं ती रेषा खिडकीच्या फॅमिलीत, म्हणजे तिच्या तयार फाईलीत, आधीच कोणीतरी काढून ठेवलेली पाहिजे. गोव्यातलं वडिलोपार्जित घर विकायला काढल्यासारखं आहे हे, सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि एक भाऊ लिस्बनला. तो भाऊ म्हणजे नेटवरून फुकट उतरवलेली खिडकी, तिच्यात ती रेषाच नसते.

आणि मध्येच प्लॅनमधलं सगळं प्लास्टर गायब! घाम फुटतो. मग कळतं की कोणीतरी डिटेल लेव्हल 'कोर्स' (coarse, म्हणजे ढोबळ) करून ठेवलीय, त्यात लेयर दिसतच नाहीत, नुसती भिंतीची बाहेरची रेघ. करणारा चहाला गेलेला असतो.

बरं, एवढं करून प्लॅनमध्ये खिडकी एकदम सुंदर दिसते, प्लास्टर कसं गोंडस वळून चौकटीला टेकलंय, आपण खूश. मग सेक्शन, म्हणजे उभा काप, काढायचा. वर लिंटेलखाली आणि खाली सिलवर, म्हणजे खिडकीच्या खालच्या काठावर, चिरा उघडाबोडका! कारण आमच्या ऑफिसातल्या जुन्या व्हर्जनमध्ये हे वळणं फक्त प्लॅनपुरतं, उभ्या कापात त्याने हात वर केलेले. आणि गोव्यात पाणी शिरतं कुठून, तर नेमकं सिलवरून. जूनमध्ये पाऊस आडवा मारायला लागला की बाजूच्या कडेचं कौतुक कोणाला राहत नाही. म्हणून सिलचा बाहेरचा उतार, त्याखालची पाणी तोडायची खाच, हे सगळं रेघ रेघ करून हाताने काढायचं. एवढ्या महागाच्या लायसन्सवर.

साईटवर मेस्तला, म्हणजे गवंड्याला, प्रिंट दाखवली. त्याने चष्मा वर केला, कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि म्हणाला, "बाय, चौकट बाहेरच्या अंगाला की आतल्या?" म्हटलं, बाहेरच्या. "मग आतलंच प्लास्टर वळवून चौकटीपर्यंत नेणार ना, दुसरं काय?" आणि थापी उचलून लागला कामाला. ना टिक, ना फॅमिली. शिवाय सिलला उतार काढताना त्याने बोटाने दाखवलं की इथे वाटीभर पाणी ओतून बघ, आत एक थेंब आला तर माझं नाव बदल. ओतलं मी. नाही आला.

सध्या एक जुनं घर आलंय रिनोव्हेशनला, चिरा आणि मातीची भिंत, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, जीव टाकावा अशा. पण भिंतीची जाडी खाली एक, वर एक, आणि कडा आतल्या बाजूला तिरक्या उघडत जाणाऱ्या, बसायला कट्टा असलेल्या. आमच्या त्या जुन्या व्हर्जनला तिरकं वळणं मंजूर नाही, त्याला सगळं काटकोनात हवं. क्लायंट म्हणतात, "एकच खिडकी नीट काढा हो, बाकीच्यांना कॉपी." आमच्या ऑफिसात तसंही एक डिटेल जमलं की खाली 'टिपिकल' लिहून मोकळे होतात. ह्या घरात टिपिकल खिडकी कुठली ती मी टेप घेऊन अजून शोधतेय, आणि मालकीणबाई प्रत्येक खिडकीपाशी थांबून सांगतायत की खरी जुनी ती हीच.