अंत्युखियाचं ताट

हैफात मी ज्या आजींना सांभाळते त्यांना सगळे सव्ता म्हणतात, म्हणजे हिब्रूत आजीच. त्यांचं स्वयंपाकघर कोशेर, म्हणजे यहूदी आहारनियम पाळणारं आहे. दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी. वसईहून आईने बांधून दिलेली सुकट मी सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीच्या खोलीवर नेऊन भाजते, कारण कोळंबी या घरात चालत नाही. पहिल्याच महिन्यात दह्याचा चमचा मी चुकून कोंबडीच्या रश्श्यात घातला. सव्ता ओरडल्या नाहीत. चमचा उचलून त्यांनी बाजूला ठेवला, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

तेव्हा मला बायबलमधला पेत्र, येशूचा शिष्य, कळला. अंत्युखिया नावाच्या शहरात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांबरोबर एका पंक्तीला जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची यहूदी माणसं आली, तसा मागे सरला. प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मला तो नुसता भित्रा वाटला होता. पण काय खायचं आणि काय नाही हे ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं, त्याला परक्याच्या ताटाशी बसणं किती जड गेलं असेल! पौलाचंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणते. फक्त पेत्राची घालमेल आता मला परकी वाटत नाही.

इ. स. 50 च्या सुमारास यरुशलेमात ख्रिस्ती पुढाऱ्यांची बैठक झाली. परराष्ट्रीयांनी सुंता करून आधी यहूदी व्हावं का, हा प्रश्न होता. निर्णय घेणारे यहूदी, शास्त्र त्यांचं, मंदिर त्यांचं. तरीही त्यांनी ते ओझं आपल्यावर लादलं नाही. मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म, एवढंच टाळा म्हणाले. चारातल्या तीन गोष्टी ताटातल्या आहेत. म्हणजे एकत्र जेवता यावं म्हणून दोघांनीही थोडं सरकून घ्यायचं होतं. वसईतले आम्ही ख्रिस्ती त्या निर्णयामुळेच ख्रिस्ती धर्माच्या घरात आहोत.

पुढे पारडं फिरलं. परराष्ट्रीय बहुसंख्य झाले आणि यहूद्याला म्हणू लागले, ख्रिस्ती व्हायचं तर यहूदीपण टाक. 787 च्या निकेया इथल्या धर्मपरिषदेने तर गुपचूप शब्बाथ, म्हणजे यहूद्यांचा शनिवारचा विसावा, पाळणाऱ्या धर्मांतरित यहूद्यांना दारच बंद केलं. गोव्यात 1560 ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते अशाच संशयाने. गार्सिया द ओर्ता हा मोठा वैद्य, जन्माने यहूदी वंशाचा, 1568 मध्ये वारला. 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. त्याच इन्क्विझिशनने 1736 मध्ये गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांना धोतर, तुळस, इतकंच काय, मीठ न घालता भात शिजवायलाही बंदी केली. यहूद्याचा शब्बाथ आणि आमचा भात, दोन्ही एकाच वहीत गुन्हा म्हणून लिहिले गेले.

हे आठवलं ते आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमुळे. भाचेसून हिंदू घरातली, दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. कपाळावर कुंकू लावते, तिन्हीसांजेला क्रुसापुढे समई लावते. महिनाभर ग्रुपवर तेच चाललंय, ‘ख्रिस्ती झाली ना, मग हे कशाला?’ तीही ग्रुपवर आहे, सगळं वाचते, एक शब्द लिहीत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

इथे हैफात कार्मेल डोंगरावर कार्मेलाइट या कॅथलिक संघाचा मठ आहे. तिथे ब्रदर डॅनियल राहायचे, मूळ नाव ओस्वाल्ड रुफाइजेन, पोलंडचे यहूदी. नाझींपासून लपताना ख्रिस्ती झाले, पण आपण यहूदीच आहोत असं शेवटपर्यंत म्हणत राहिले. 1962 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने यहूदी म्हणून नागरिकत्व मागण्याचा त्यांचा दावा फेटाळला. नागरिकत्व नंतर दुसऱ्या वाटेने मिळालं. त्यांनी हैफातच हिब्रू बोलणारा छोटा ख्रिस्ती समुदाय सांभाळला. दोन्हीकडून ‘आमचा नाहीस’ ऐकत माणूस कसा जगला असेल, हा विचार बसमधून मठ दिसला की येतो.

मोठ्या दादाने मला विचारलं, ‘मग उद्या काहीही चालेल का?’ नाही चालणार. नैवेद्याची रेघ याकोबानेही ओढली होती. मी त्याला एवढंच लिहिलं, ‘समई ती कोणापुढे लावते, हे तिला कधी विचारलंस का?’ दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर अजून आलेलं नाही.