पाच मिनिटांची बांग

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा भोंग्याचा वाद पेटलाय. या वेळचा मुद्दा असा की, ख्रिश्चनांकडे बघा, रविवारी चर्चला जातात, प्रार्थना करून गुपचूप घरी येतात, कुणाला त्रास नाही. आणि हे मात्र दिवसातून पाच वेळा. खाली अंगठ्यांची रांग.

गुपचूप? मी जर्मनीत, कोलोनमध्ये राहतो. इथल्या कॅथीड्रलची सेंट पीटरची घंटा 24 टनांची आहे, 1923 साली ओतलेली. मोठ्या सणाला ती हलली की छातीत जाणवते. तिच्यासाठी परवानगी मागायला कुणी जात नाही. इथल्याच एहरेनफेल्ड भागातल्या तुर्की मशिदीला मात्र ऑक्टोबर 2022 पासून फक्त शुक्रवारी दुपारी बांग देता येते. तीही पाच मिनिटांत आटपायची, 60 डेसिबलच्या आत, आधी शेजारपाजारी पत्रकं वाटून. फेन्लोअर स्ट्रासच्या रहदारीत ती जेमतेम ऐकू येते.

हे लिहिलं तर उत्तर आलं, ‘बघ, तिकडे नियम पाळतात!’ अरे, नियम आपल्याकडेही आहेत, 2000 सालापासून. पण ते मांडवालाही लागू होतात, म्हणून त्यांची आठवण पहाटेच्या बांगेपुरतीच येते.

आवाज सोडला तर बोलण्यासारखं बरंच आहे. मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला, बाकं असतात, ऑर्गन असतो. उठायचं कधी, गुडघे कधी टेकायचे हे ठरलेलं. शेवटी ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागते तेव्हा मी बसूनच राहतो आणि बाकावरच्यांना बाहेर पडता यावं म्हणून पाय आखडून घेतो. मशिदीत बाकं नाहीत, वाद्यं नाहीत, वेदी नाही. इमामसुद्धा सगळ्यांसारखाच मक्केकडे तोंड करून, फक्त पुढे उभा. बूट फळीवर गेले की डॉक्टर कोण आणि पार्सलवाला कोण ते कळत नाही, खांद्याला खांदा. स्त्रियांची जागा वेगळी, हे मला खटकतं. ग्रुपवर कुणी ते काढलं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण त्यांना भोंग्यापलीकडे जायचंच नसतं.

1960च्या दशकातल्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत आली. इथे जर्मन, वसईत मराठी. नमाज मात्र इथे अरबी आणि पुण्याच्या कोंढव्यातही अरबीच. त्यामुळे आमच्या ऑफिसात नवीन आलेला कोंढव्याचा मुलगा पहिल्याच शुक्रवारी त्या मशिदीत गेला आणि त्याला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

आणि चर्च आणि मशीद या दोघांचं इथे अगदीच वाकडं आहे असंही नाही. फेब्रुवारी 1965 मध्ये रमजान संपला तेव्हा शेकडो तुर्की कामगारांनी नमाज पढला तो थेट कॅथीड्रलमध्ये, चर्चच्या संमतीने. एहरेनफेल्डच्या मशिदीचा वास्तुकार पाउल ब्योम हा चर्चं बांधणाऱ्या घराण्यातला. 2007 मध्ये कॅथीड्रलला चित्रकार गेरहार्ड रिश्टरची रंगीत चौकोनांची खिडकी बसली, तर तेव्हाचे इथले आर्चबिशप कार्डिनल माइस्नर कुरकुरले की ही मशिदीत जास्त शोभली असती! मशिदीविरुद्ध इथे मोर्चेही निघाले होते, ते मी ग्रुपवर सांगत नाही.

माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर धर्माच्या रकान्यात दोन आडव्या रेघा आहेत, म्हणजे कुठल्याच चर्चचा सभासद नाही. सभासदांच्या पगारातून कापला जाणारा चर्चचा कर वाचतो, म्हणून सुरुवातीला बरं वाटलं होतं. हल्ली शुक्रवारी तो मुलगा जेवणाच्या सुट्टीत गायब झाला की त्याचा हेवा वाटतो. त्याला जायला जागा आहे, आणि तिथे त्याची वाट पाहिली जात नसली तरी रांगेत त्याच्यापुरती जागा होते. आमचा गणपती सोयीच्या शनिवारी येतो, भाड्याच्या हॉलमध्ये. दहा वाजले की हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, किल्ल्या घेऊन दारात उभा राहतो, आणि बाकीचे घड्याळ बघत असताना ब्लूटूथ स्पीकरचा आवाज वाढव म्हणून ओरडणारा मीच असतो.