भूज 'सरकारविना' उभं राहिलं म्हणे

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदी 37 फुटांच्या घरात गेली आणि आमच्या समा भागात तळमजल्यांवरचे सोफे तरंगले. तेव्हापासून पावसाळा जवळ आला की एक फॉरवर्ड फिरू लागतो. मजकूर साधारण असा: '2001 च्या भूकंपानंतरचं भूज बघा. सरकार बाजूला झालं, लोकांनी आपापली घरं बांधली आणि दोन वर्षांत शहर उभं राहिलं. टीपी (नगररचना योजना), नकाशे, तपासण्या हे सगळे खाण्याचे धंदे. बडोद्याचा नदीकाठ आणि जुनं गावही लोकांवर सोडून द्या.' परवा दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तो पुन्हा आला. खाली अकरा अंगठे. 2002 मध्ये मी काही महिने कच्छात घरं तपासायच्या कामावर होतो, म्हणून गप्प बसवत नाही.

'लोकांनी आपापली घरं बांधली' हे अर्धं खरं आहे, आणि तेही खेड्यांपुरतं. घर कसं हवं, गवंडी कोण, हे मालक ठरवायचा. पण पैसे सरकारचे, म्हणजे बरेचसे जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या कर्जातले, आणि तेही हप्त्याहप्त्याने. जोतं झालं, इंजिनिअरने बघितलं, मग पुढचा हप्ता. आम्ही नीट बघतोय की नाही हे बघायला नॅशनल कौन्सिल फॉर सिमेंट अँड बिल्डिंग मटेरियल्सची माणसं वेगळी. हा सगळा डोलारा सांभाळणारं गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण 8 फेब्रुवारी 2001 ला, म्हणजे भूकंपानंतर तेराव्या दिवशी स्थापन झालं. बाजूला झालेलं सरकार ते हेच का?

भचाऊ तालुक्यातलं एक घर मला अजून आठवतं. दगडी भिंत, आणि म्हाताऱ्या मालकाने घाईघाईत बाहेरून प्लास्टरही उरकून घेतलेलं. दगडी भिंत म्हणजे खरं तर आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन भिंती असतात. भूकंपात त्या फाकतात आणि बाहेरची अंगावर येते. म्हणून दर चार फुटांवर एक आरपार दगड घालून दोन्ही बांधायच्या असतात. 'घातलेत ना, मोजून घ्या,' मालक म्हणाले. एका ठिकाणी हातोडीने प्लास्टर उडवलं. बाहेरून भक्कम दिसणारा दगड आत वीतभरच गेलेला. हप्ता अडवला. म्हातारबाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग गवंडी बोलावून भिंत जागोजाग उघडली. नंतर चहा पाजला. चहापाणी म्हणाल तर तेवढंच.

'शहर दोन वर्षांत उभं राहिलं' हे मात्र साफ खोटं. भूजच्या कोटाआतल्या गावात नकाशा ठरेपर्यंत बांधकामाला परवानगीच नव्हती. लोक पत्र्याच्या घरांत राहिले आणि सरकारला शिव्या देत राहिले. त्या शिव्या काही अगदी अनाठायी नव्हत्या. पण थांबवलं का? त्या सकाळी लोक घरातून पळाले ते गल्लीत, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती गल्लीतच पडल्या. मदतीची गाडी आत जाईना. अंजारला तर प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीतली 185 मुलं आणि 20 शिक्षक अशाच एका अरुंद रस्त्यात गेले. त्याच गल्ल्यांवर लोकांना लगेच बांधू दिलं असतं, तर पुढच्या भूकंपासाठी तोच सापळा पुन्हा रचून ठेवला असता. घर ज्याचं त्याला बांधता येतं, पण शेजाऱ्याची जमीन दोन फूट मागे सरकवून रस्ता रुंद करणं कुणाला जमणार?

टीपीचं काम नेमकं तेच. 'टीपी म्हणजे जमीन हडप' म्हणणाऱ्यांनी भूजचा हिशेब बघावा. कोटाआत आठ टीपी योजना झाल्या. एकेक प्लॉट मोजला, मालकांना बोलावून आराखडे दाखवले, हरकती घेतल्या. रस्त्यासाठी प्रत्येकाची थोडी जमीन कापायची, पण कपात सरसकट नाही: अगदी लहान प्लॉटला शून्य, आणि प्लॉट जसा मोठा तशी कपातही मोठी. एरवी गुजरातेत टीपी अंतिम व्हायला दहा-दहा वर्षं लागतात, त्या मानाने हे काम वेगाने झालं. ज्यांना बाहेर जायचं होतं त्यांच्यासाठी आरटीओ, मुंद्रा रोड, रावलवाडी अशा नव्या वसाहती आखल्या. भूजला गेलात तर रिक्षावाला अजूनही 'आरटीओ साइट' म्हणतो.

सरकारला झोडायचंच असेल तर खरी जागा दाखवतो, जी त्या फॉरवर्डमध्ये नाही. भाडेकरू. घरबांधणीची मदत मालकाच्या नावाने होती. जुन्या वाड्यांत नाममात्र भाड्यावर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांना घर उभारायला काही मिळालं नाही, आणि मालकाने नवीन बांधलं त्यात त्यांना परत कोण घेणार? म्हणजे जिथे सरकारने बघायचं सोडलं, तिथेच माणसं गळाली. बडोद्याच्या मांडवी-रावपुऱ्यातल्या जुन्या भाडेकरूंनी 'लोकांवर सोडा'ला अंगठा देण्याआधी याचा विचार करावा.

'तपासणी म्हणजे लाच'. लाच घेतात, नाही कोण म्हणतो? पण 2001 मध्ये भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. खाली पार्किंगसाठी मोकळे खांब, वर मजल्यांवर मजले. तिथे तपासणी जास्त झाली होती असं म्हणायचंय का? आणि लांब कशाला जायचं? जानेवारी 2024 मध्ये बडोद्यातल्याच हरणी तलावात बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेहून जास्त माणसं, सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेटही नाहीत. तलाव ठेकेदारावर सोडलेलाच होता की.

राहिला आपला नदीकाठ. बडोद्यात पावसाळी पाणी नदीकडे नेणाऱ्या कांसा आहेत, भूखी कांस सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अरुंद होत गेल्या त्यात महापालिकेचा वाटा आहेच, पण कडेने भराव टाकून कंपाउंड सरकवणारे, वर स्लॅब ओतणारे कोण? लोकच. म्हणजे लोकांवर सोडून झालंय.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, 'मग आपल्या सोसायटीमागच्या कांसेवरचं पार्किंग पाडायचं म्हणता?' हो, पाडायचं. माझी स्कूटरही तिथेच असते.