‘लावा आणि विसरा’ म्हणे! शोभेच्या गवतांबद्दलच्या मेसेजला उत्तर

‘शोभेचं गवत एकदा लावा आणि विसरून जा. कोणत्याही मातीत येतं, पाणी लागत नाही, खत लागत नाही. फेब्रुवारीत जमिनीलगत कापलं की झालं. वर डासही पळतात.’ हा मेसेज निळसर झुबक्यांच्या देखण्या फोटोसह सगळीकडे फिरतोय. नागपुरात तो पाळला तर काय होतं ते बघू.

आधी फोटोच. तो निळा झुबका म्हणजे ब्लू फेस्क्यू, थंड हवेतलं गवत. हिवाळ्यात नर्सरीतून आणलं की जानेवारीपर्यंत छान दिसतं, एप्रिलमध्ये मधूनच करपू लागतं, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, संपतं. जास्त पाणी दिलं तर त्याआधीच कुजतं. आपल्याकडे जांभळं फाउंटन ग्रास, वाळा, रोशा, गवती चहा ही गवतं टिकतात. हिरवं फाउंटन ग्रास मात्र बी उधळून बागभर पसरतं, ते टाळा. पंपास ग्रासच्या पात्यांच्या कडा हात कापतात, म्हणून ते जायच्या-यायच्या वाटेवर नको.

‘कोणत्याही मातीत’ हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. इथली काळी माती ऑगस्टमध्ये पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही. तीच माती मे महिन्यात भेगाळते आणि मुळं तोडते. खड्ड्यात मूठभर रेती टाकून यातलं काही बदलत नाही. वाफाच जमिनीपासून 20-25 सेंमी उंच करा. त्यात 2 भाग माती, 1 भाग जाड रेती, 1 भाग मुरलेलं शेणखत. झुबक्याचा बुंधा मातीच्या पातळीला किंवा बोटभर वर राहू द्या, पुरला की कुजलाच. पावसाळ्यात पानं पिवळी पडली तर बुंधा धरून हलकेच ओढून बघा. सहज हातात आला आणि वास मारला, तर मुळं सडली आहेत. लोक नेमकं तेव्हाच ‘सुकतंय’ म्हणून आणखी पाणी घालतात.

पाणी लागत नाही? पहिला उन्हाळा तर लागतंच. लागवड जूनअखेर ते जुलैत करा, म्हणजे मुळांना पूर्ण पावसाळा मिळतो. पहिल्या उन्हाळ्यात दर 2-3 दिवसांनी, पुढच्या वर्षापासून आठवड्यातून एकदा, पण झुबक्याला निदान 10 लिटर, सावकाश मुरेल असं. रोज तांब्याभर पाणी दिलं तर मुळं वरच राहतात आणि वरची मातीच आधी तापते. कुंडीतल्या गवताला मे महिन्यात रोज सकाळी पाणी हवंच. भेगा कंपोस्टने बुजवा, वर तणस किंवा सोयाबीनचं कुटार 5-7 सेंमी पसरा. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी थेट आत शिरते.

खताबद्दल मेसेज जवळपास बरोबर आहे. जूनमध्ये दोन ओंजळी कंपोस्ट पुरे. युरिया दिला की पाती लांबतात आणि झुबका आडवा पडतो.

फेब्रुवारीतली कापणी थंड देशांतून आली आहे. तिथे गवत थंडीत झोपतं आणि वसंतात जागं होतं. इथे प्रश्न उन्हाळ्यात पाणी आहे की नाही, हा आहे. असेल तर होळीच्या आसपास कापा, नवी पालवी लगेच येते. नसेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबा, कारण वाळलेली पातीच बुंध्यावर सावली धरतात. फक्त कुंपणापलीकडे कोणी कचरा जाळत असेल तर वाळलेलं गवत उभं ठेवू नका. कापायची रीत अशी: झुबका सुतळीने घट्ट बांधा, हातमोजे घाला आणि 15 सेंमी बुंधा राखून विळ्याने कापा. जमिनीलगत कापलं तर उन्हाने कोंब भाजतात आणि पावसाचं पाणी बुंध्यात साचतं. गवती चहा याला अपवाद, तो वर्षभर लागेल तसा कापता येतो.

तीनेक वर्षांनी झुबका मधून पोकळ होतो. विसरून गेलात तर नुसतं कडं उरतं. जुलैत सब्बलीने उपटा, मधला मेलेला भाग फेका, बाहेरचे 5-6 कोंब मुळांसकट एकेका जागी लावा.

डास? गवती चहासारख्या वासाच्या गवतांचं तेल पानाच्या आत असतं, पान चुरडल्याशिवाय ते फारसं बाहेर पडत नाही. उभ्या झाडाने डास हटत नाहीत. त्यांची पैदास कूलरच्या टाकीत आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत होते. त्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करा आणि कडा घासून वाळवा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेलाच चिकटलेली असतात.