कानाच्या उंचीवर

पुण्याला बदली झालेल्या मेहुण्याने सामान हलके करण्याच्या नादात आपले दोन स्पीकर आमच्या अमळनेरच्या घरी आणून ठेवले, आणि त्या दिवसापासून आमच्या पुढच्या खोलीतील शांतता संपली. वस्तुतः स्पीकर पुढचे तीन महिने जवळजवळ मुकेच होते. आवाज होता तो ते कोठे टांगावेत याविषयीचा.

प्रथम ते कोपऱ्यातील लाकडी कपाटावर ठेवून पाहिले. त्यांच्या पाठीला हवा बाहेर पडण्यासाठी एक भोक होते, आणि अशा स्पीकरला भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटवून ठेवले की खालचे सूर फुगतात, हे मला त्या दिवशी समजले. साध्या बातम्यासुद्धा रांजणात तोंड घालून वाचल्यासारख्या ऐकू येऊ लागल्या. स्पीकर भिंतीपासून सात-आठ इंच सुटे राहतील अशा ब्रॅकेटवर बसवायचे, असे मी जाहीर केले. घरात कोणी विरोध केला नाही. विरोध त्याच वेळी झाला असता, तर फार बरे झाले असते.

सोबतच्या पुस्तिकेत म्हटले होते की बारीक सुरांची वरची वाटी, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर असावी. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी सगळे एकाच उंचीच्या सोफ्यावर बसत असावेत. आमच्याकडे नाना आरामखुर्चीत रेलतात, माय जमिनीवर मांडी घालून शेंगा फोडते, सौभाग्यवती झोपाळ्यावर असते आणि चिरंजीव पालथे पडून गृहपाठ करतात. मी टेप घेऊन चौघांचे कान मोजले. नानांचा 36 इंचांवर, सौभाग्यवतीचा 46, मायचा 28 आणि चिरंजीवांचा 10. सरासरी आली 30 इंच. म्हणजे ज्या उंचीवर घरातील एकाचाही कान नव्हता, नेमकी ती. शिवाय त्या उंचीवर येणाऱ्या-जाणाऱ्याची मांडी स्पीकरला लागली असती ती वेगळीच.

पुस्तिकेचा दुसरा आग्रह असा होता की दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. दोन स्पीकरांमध्ये सात फूट अंतर ठेवले तर श्रोताही दोहोंपासून सात फुटांवर हवा. जागा मोजून खूण केली, तेव्हा ती बरोबर झोपाळ्याखाली आली. झोपाळ्यावर बसलेला श्रोता त्रिकोणाचे टोक सांभाळणार कसा? एका हेलकाव्यात तो सहा फुटांवर येतो आणि दुसऱ्यात आठ फुटांवर जातो. झोपाळा काढण्याची सूचना मी मनातल्या मनात केली आणि मनातल्या मनातच मागे घेतली.

अखेर स्पीकर सहा फूट उंचीवर लावून तोंडे खाली झुकवायची, असे ठरले. तशी ब्रॅकेट आणायला मी जळगावला गेलो. मे महिना होता, पारा पंचेचाळिसाच्या आसपास होता, आणि दुकानदार शांतपणे एकेक प्रकार काढून दाखवत होता. एक नुसता खिळ्यावर अडकवायचा. त्याने स्पीकर भिंतीला चिकटतो, म्हणून बाद. दुसऱ्याचे स्क्रू स्पीकरच्या पाठीत आधीच आटे असतील तरच बसतात. आमच्या स्पीकरला आटे नव्हते, आणि दुसऱ्याच्या खोक्याला भोके पाडण्याचे धैर्य मला नव्हते. तिसरा दोन्ही कुशींतून स्पीकरला चिमट्यासारखा धरतो आणि गोळ्यावर फिरून हवा तसा झुकतो. तो घेतला. घरी मायने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “हाई काय शे, बापू?” स्पीकरचा हात आहे म्हटल्यावर तिने फक्त इतकेच विचारले की त्या भिंतीवर श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशी देवी, बसते, हे मला ठाऊक आहे ना.

ठाऊक होते. मला भिंत मात्र ठाऊक नव्हती. आमची पुढची खोली अर्धी आजोबांच्या काळातील आणि अर्धी नानांनी वाढवलेली. डावीकडे पांढऱ्या मातीची दीड फूट जाडीची भिंत आणि उजवीकडे सिमेंटचा खांब. वरून दोघांना एकच रंग. शेजाऱ्यांची ड्रिल मशीन मागून आणली, आठ मिलिमीटरचे बिट लावले आणि डाव्या खुणेवर टेकवले. भाजलेल्या भरिताच्या वांग्यात बोट जावे, तितक्या सहज ते आत गेले. बाहेर काढले तेव्हा त्याच्याबरोबर ओंजळभर भिंत आली. त्या भोकात स्क्रू पकडणारी गिट्टी घातली, ती आतल्या आत कोठे गेली ते अद्याप कळलेले नाही. उजवीकडे उलट प्रकार. अर्धा इंच आत जाताच बिट लोखंडी गजावर आपटले आणि मशीनने असा आवाज काढला की नाना आरामखुर्चीतून पहिल्यांदाच आपणहून उठले. खूण दोन इंच सरकवल्यावर खांबाने कसेबसे भोक दिले.

डाव्या भिंतीसाठी म्हाताऱ्या मिस्तरींना बोलावले. त्यांनी मशीनकडे पाहिलेही नाही. स्पीकर पाच किलोचा असला तरी तो भिंतीपासून आठ इंच पुढे उभा राहणार, म्हणजे तरफेसारखा वरचा स्क्रू उपटू पाहणार, हे त्यांनी छत्री आडवी धरून मला दाखवले. मग छिन्नीने विटेएवढा खड्डा काढून त्यात आतून रुंद आणि बाहेरून निमुळता असा सागाचा ठोकळा बसवला, भोवती सिमेंट भरले आणि बजावले, “भाऊ, आठ दिवस पाणी मारा.” गाणे ऐकण्यासाठी भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालणारा माणूस गल्लीने प्रथमच पाहिला. खिडकीतून डोकावून जाणाऱ्यांपैकी दोघांनी ठोकळ्याला कोंब फुटला का, अशी चौकशी केली.

अखेर दोन्ही ब्रॅकेट चढले. प्रत्येकावर मी पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर आणला आणि जमिनीपासून दोन्हींची उंची टेपने तंतोतंत सहा फूट भरली. स्पीकर लावून नानांच्या आवडीचे भजन सुरू केले. ते थोडा वेळ ऐकून म्हणाले, “मृदंग कोठे गेला?” मृदंग गेला होता माझ्या हातून, एका स्पीकरला लाल-काळी तार उलट जोडली गेली होती, त्यामुळे एकाचा पडदा पुढे जाताना दुसऱ्याचा मागे येत होता आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकत होते. तारा बदलल्या आणि मृदंग परतला. त्या रात्री मी फार समाधानाने झोपलो.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई आली. मागे जरीकाठाची साडी सोडायची म्हणून मायने डाव्या ब्रॅकेटपासून उजव्या ब्रॅकेटपर्यंत सुतळी ताणून बांधली, साडी टाकली आणि चार पावले मागे येऊन डोळे बारीक केले. मीही पाहिले. काठ उजवीकडे चांगला दोन बोटे उतरला होता. आजोबांनी खोलीच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी मोरीकडे उतार दिला होता, मोरी उजवीकडे होती, आणि मी दोन्ही उंच्या त्या फरशीपासून मोजल्या होत्या.

“बापू,” माय म्हणाली, “हाई दोरी तिरपी शे.”