वायरीला डोकं-शेपूट

प्रोजेक्टर कोणता घ्यायचा, याबद्दल आमच्या घरात कोणाचंच मत नव्हतं. पडदा १०० इंची चालेल, पण माझ्या बाबांचा फोटो जागचा हलणार नाही, एवढी एक अट बायकोने घातली आणि तोही विषय संपला. स्पीकर भाच्याने परस्पर ठरवले. उरली एक वायर. समोरच्या भिंतीखालच्या कपाटातल्या ॲम्प्लिफायरपासून मागच्या भिंतीशी छताला टांगायच्या प्रोजेक्टरपर्यंत चित्र नेऊन पोचवणारी, एवढंच काम असलेली एक एचडीएमआय वायर. तिच्याबद्दल मात्र घरातल्या, मजल्यावरच्या आणि पुढे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या प्रत्येकाला मत होतं, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

मुळात किती लांब? मी म्हटलं, हॉल १८ फुटी आहे, म्हणजे साडेपाच मीटर. भाच्याने टेप लावली तर हॉल १६ फूट भरला. ब्रोशरमधले दोन फूट इतकी वर्षं भिंतींच्या आत मुक्कामाला होते आणि त्यांचा मेंटेनन्स मी भरत होतो.

"मामा, १६ फूट म्हणजे पाच मीटरही नाही. पाच मीटरची घेऊ, विषय कट," भाचा म्हणाला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाच मीटरची वायर आणली असती तर ती हॉलच्या मधोमध हवेतून ताणून बांधावी लागली असती. बायकोने विचारलं, तिच्यावर कपडे वाळत घालता येतील का? मुंबईत जुलै महिन्यात हा प्रश्न कोणी गंमत म्हणून विचारत नाही.

प्लेअर आणि ॲम्प्लिफायर सगळंच प्रोजेक्टरशेजारी ठेवलं तर लांब वायर लागणारच नाही, असंही एकदा निघालं. मग स्पीकरच्या पाच वायरी मागून पुढे आणाव्या लागतील हे लक्षात आलं आणि सूचना करणारा माणूस चहा ठेवायला आत गेला.

भिंतीवर पट्टी दिसता कामा नये, हा घरातला अध्यादेश होता. नशिबाने मागे रिनोव्हेशनच्या वेळी कंत्राटदाराने "पुढेमागे लागेल" म्हणत एक रिकामा पाइप भिंतीत गाडून ठेवला होता. त्याचं एक तोंड कपाटामागे, दुसरं छतापाशी. मधे तो कुठून कुठे फिरून आला होता ते एकट्या कंत्राटदाराला ठाऊक, आणि उरलेला हिशेब चुकता झाल्यापासून तो फोन उचलत नाही.

आमचा इलेक्ट्रिशियन कणकवलीकडचा. कमी बोलतो. त्याने पाइपात एका बाजूने तार सारली, दुसऱ्या बाजूने निघाली तिथे चिकटपट्टी लावली, तार ओढून काढली आणि घरात पसरायला जागा नाही म्हणून थेट लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये आडवी टाकली. "लाद्या दोन फुटी आहेत ना? मोजा."

एकोणीस लाद्या. म्हणजे ३८ फूट. १६ फुटांच्या हॉलमध्ये ३८ फुटांचा पाइप!

"बीम आला ना साहेब मधे. बीमला कोण हात लावत नाय. पाइप खाली घेतला, वळवला, परत वर नेला. शिवाय तुमची खिडकी." दोन्ही टोकांना हात सैल सोडून ४१ फूट, म्हणजे साडेबारा मीटर झाले.

दुकानात वायर १० मीटरची मिळते आणि १५ मीटरची मिळते. साडेबारा मीटरवाला माणूस या धंद्याने गृहीतच धरलेला नाही.

"१५ ची आणा. जास्तीची कापून टाकू," इलेक्ट्रिशियन म्हणाला. भाचा हादरला. एचडीएमआयच्या तोंडात १९ पिना असतात, तारांचे पीळ मोजून-मापून दिलेले असतात, ती अशी कापून जोडता येत नाही, असं त्याने बरंच समजावलं. इलेक्ट्रिशियनने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग १९ वेळा जोडू."

पॅसेजमध्ये ४० फुटांची तार पडली असताना शेजारची दारं बंद राहतील, अशी मुंबईत सोय नाही. समोरचे काका बाहेर आले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि तार या विषयावर त्यांना कोणी निवृत्त केलेलं नाही. "तांबंच ना? मग ४० फुटांचं काय घेऊन बसलात? आम्ही एक्स्चेंजपासून घरापर्यंत मैल-मैल आवाज नेला, दोन तारांवर." मग ते दूरदर्शनवर आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या चाळीत पहिला सेट आला. गच्चीवर अँटेना, तिथून तीन मजले खाली लोंबणारी चपटी वायर, मधे दोन ठिकाणी जोड आणि एका जोडावर कावळा. "चित्राला मुंग्या यायच्या. मग कोणीतरी वर जाऊन अँटेना फिरवायचं. पण दिसायचं. दिसायचंच!"

मनाने मी काकांच्या बाजूचा होतो. अडचण अशी की टेलिफोनवरचा आवाज म्हणजे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ. आमच्या वायरीतून जायचं होतं ते फोर-के चित्र, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सुमारे १८ जीबीपीएस; सेकंदाला अठराशे कोटी बिट्स. इतक्या वेगाने दिशा बदलणारी वीज तारेच्या पोटातून जातच नाही. गर्दीच्या वेळी आत जागा असली तरी माणसं जशी लोकलच्या दाराशीच लटकतात, तशी ती तारेच्या पृष्ठभागालाच चिकटून धावते आणि वाटेत गळत जाते. म्हणून तांबं जाड हवं. आणि तरीही सात-आठ मीटरच्या पुढे १८ जीबीपीएसचा भरवसा सहसा कोणी देत नाही. हजार-ऐंशीवाल्या जुन्या फुल एचडीला याच्या पावपटच वेग लागतो, ते १५ मीटरवरूनही बिनतक्रार जाई. त्यामुळे "आमच्याकडे तर चालते" म्हणणारे नातेवाईक खोटं बोलत नसतात, त्यांचा टीव्ही जुना असतो.

आणि मुंग्यांची सोय गेली. हे चित्र आधी एकदम झकास असतं, मग त्यावर पांढऱ्या ठिणग्या उडतात, मग काळोख. थोडंसं खराब, चालवून घेऊ, असा टप्पाच नाही. गच्चीवर पाठवायलाही कोणी नाही, कारण फिरवायचं काय?

काका हटले नाहीत. भाचाही हटला नाही. शेवटी भाच्याने मित्राकडून १५ मीटरची तांब्याची वायर उसनी आणली, २४ गेजची. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढी तार जाड, हे ज्याने ठरवलं तो पूर्वी चपलांच्या दुकानात नसणार. ही वायर अंगठ्याएवढी जाड होती आणि तिला वळायची इच्छा नव्हती. प्रोजेक्टरला लावून सोडली तर तिच्या वजनाने प्रोजेक्टरची मान वाकडी झाली आणि चित्राचा एक कोपरा पंख्यावर गेला. शेवटी स्टुलावर जाडजूड पुस्तकं रचून तिला आधार दिला.

डिस्क प्लेअर लावला. सिनेमा सुरू. स्वच्छ, खणखणीत, ठिणगी नाही. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नकळत "हो काका" म्हणालो.

मग स्ट्रीमिंगचा डबा लावला. त्याचं मुखपृष्ठ आलं, गेलं, आलं, गेलं आणि कायमचं गेलं. भाच्याने टाळी वाजवली. कारण साधं आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, त्याला फोर-केमध्येही ९ जीबीपीएसच्या आतच लागतात. डब्याची यादी मात्र सेकंदाला ६० वेळा रंगवली जाते, तिला दुप्पट. म्हणजे आमच्याकडे सिनेमा दिसत होता, पण कोणता बघायचा ती यादी दिसत नव्हती.

"उत्तम आहे," बायको म्हणाली. "यादी बघण्यातच तुझा रविवार जातो."

तरीही मी लॅमिंग्टन रोड गाठला. त्याचं आजचं नाव डॉ. भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता, पण ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून आजही "लॅमिंग्टन रोड कुठे?" असंच विचारायचं असतं, आणि माणूस हाताने नाही, हनुवटीने दिशा दाखवतो. तिथे रस्त्यात थांबायचं नाही. थांबलात की दोन्ही बाजूंनी "काय पाहिजे साहेब, मॉनिटर, सीसीटीव्ही, प्रिंटर?" सुरू होतं.

"पंधरा मीटर एचडीएमआय."

"टू पॉइंट वन, एट-के, गोल्ड." पुडा समोर आदळला.

आता मी घरून अभ्यास करून आलो होतो, आणि अभ्यास करून आलेल्या गिऱ्हाइकाइतका गरीब प्राणी त्या रस्त्यावर दुसरा नाही. मी म्हटलं, टू पॉइंट वन हा आकडा वायरीचा नसतोच. तो यंत्रांच्या नियमावलीचा, २०१७ साली आलेल्या. वायरीवर असा आकडा छापायला परवाना देणारी संस्थाच मनाई करते. वायरीवर "प्रीमियम हाय स्पीड" लिहिलेलं हवं, म्हणजे १८ जीबीपीएस. किंवा "अल्ट्रा हाय स्पीड", म्हणजे ४८. आणि वायर अस्सल आहे की नाही ते मोबाइलने स्कॅन करून बघायचं स्टिकर.

"स्टिकर पाहिजे?" त्याने खण उघडला. "कुठलं लावू?"

सोन्याबद्दल मी बोललो नाही. सोन्याच्या मुलाम्याने चित्र सुंदर होत नाही, टोक गंजत नाही इतकंच. समुद्राच्या दमट हवेत तेही काही कमी नाही, पण त्या पुड्यावर ज्या थाटात "२४ कॅरेट" छापलं होतं त्यावरून लग्नात वायरच द्यावी असं वाटत होतं.

पुढच्या एका दुकानात कोपऱ्यात चष्मा लावून काहीतरी डाग देत बसलेले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पाइपातून न्यायचीय की उघडी?" इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस. "पाइप पाऊण इंची? वळणं किती? मग तांबं विसरा. ऑप्टिकल न्या. सुट्ट्या डोक्याची."

ऑप्टिकल म्हणजे वायरीत काचेचे चार तंतू, चित्र त्यांतून उजेड होऊन जातं. बाकीच्या किरकोळ निरोपांसाठी तांब्याच्या बारीक तारा. विजेचा उजेड करणारी चिप एका टोकात, उजेडाची पुन्हा वीज करणारी दुसऱ्या टोकात. त्या चिपांना लागणारी ५ व्होल्टची वीज वायर एचडीएमआयच्या सॉकेटमधूनच घेते. १५ मीटर तिला काहीच नाही. वजन नाही, जाडी नाही. किंमत आहे. त्यांनी पुडा फोडून, दुकानातल्या टीव्हीला लावून, यादीसकट दाखवली आणि मग म्हणाले, "एक लक्षात ठेवा, ही एकाच दिशेने चालते."

काकांचं अगदीच चुकत नव्हतं, हेही तिथेच कळलं. साध्या लॅनच्या वायरीवरून, म्हणजे तांब्याच्या पिळाच्या चार जोड्यांवरून, १०० मीटरपर्यंत चित्र नेणारे डबे मिळतात. पण डबा या टोकाला एक आणि त्या टोकाला एक, आणि एक छताजवळ दिसणार. अध्यादेश आडवा आला. ही बातमी मी काकांना अर्धीच सांगितली, पहिली अर्धी. ते दोन दिवस खूश होते.

वायर ओढायच्या दिवशी सोसायटीच्या दोन ते चारच्या शांततेआधी काम उरकायचं होतं. नेहमीच्या एचडीएमआयचं डोकं त्या पाइपाच्या तोंडाशीच अडलं असतं, बीमजवळच्या वळणाची बातच सोडा. सुट्ट्या डोक्याच्या वायरीला आत एक इवलंसं डोकं असतं, ते पाइपातून जातं आणि पलीकडे निघालं की त्यावर मोठं डोकं चढवायचं. इलेक्ट्रिशियनने ते काढून-घालून पाहिलं. मग भाच्याने टोकांवरची अक्षरं वाचून दाखवली: इकडे "सोर्स", तिकडे "डिस्प्ले". उलटी गेली तर चित्र नाही, सगळी परत काढायची.

"म्हणजे डोक्याला डोकं, आणि वर वायरीला डोकं-शेपूट," इलेक्ट्रिशियन म्हणाला. तीस वर्षांच्या कामात कोणत्याही वायरीने त्याच्यासमोर एवढा मानपान मागितला नसावा.

वायरीला बायकोची टाल्कम पावडर चोळली. भाचा कपाटाशी बसून सारत होता, इलेक्ट्रिशियन वरून तारेने ओढत होता, आणि "हळू, आत काच आहे" हे वाक्य म्हणायचं काम माझ्याकडे होतं. बीमपाशी अडली. सगळे थांबले. काकांनी दारातून "पाव फूट मागे घ्या" असं सांगितलं. पाव फूट मागे घेतली आणि ती सुटली. अडीच मीटर उरली, ती कपाटामागे मोठ्या वेटोळ्यात ठेवली. काच घट्ट गुंडाळायची नसते.

डबा लावला. यादी आली. राहिली. काका खुर्ची घेऊन आले, पडद्याजवळ गेले, नाक लावून पाहिलं आणि मागे येऊन बसले.

"मामा," भाचा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "एचडीएमआय टू पॉइंट टू आलंय. जून २०२५ मध्येच. ९६ जीबीपीएस. वायरही वेगळी लागते, यातून नाही जाणार."

कोणी काही बोललं नाही. इलेक्ट्रिशियन पिशवीत पक्कड भरत होता.

"पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवलीय साहेब. ती ओढली की नवीन वायर येते. फक्त डोकं कुठलं, ते आधी सांगा."