खोटं पसरवा, असं मी म्हटलेलं नाही

नमस्कार दादा,

फुटून निघालेल्या प्रदेशांत परक्यांची ढवळाढवळ थोपवायची तर तिथल्या लोकांचं मन वळवावं लागेल, त्यांच्यावर 'मानसिक प्रभाव' पाडावा लागेल, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, 'हा प्रचारच ना? रशियाने केला की पाप, मोल्डोव्हाने केला की पुण्य?' प्रश्न मला लागला, कारण त्यात तथ्य आहे.

सोशल मीडियावर खोटी खाती काढून प्रचार करू नये, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेची बाजू मांडणाऱ्या खोट्या खात्यांचं जाळं उघडं पडलं, तेव्हा त्यातल्या बहुतेक पोस्टना मूठभरापेक्षा जास्त लाइक नव्हते. म्हणजे अब्रूही गेली आणि कामही झालं नाही.

मी म्हणतो तो प्रभाव वेगळा. मोल्डोव्हातून फुटलेला नीस्टर नदीकाठचा ट्रान्सनिस्ट्रिया १९९२ च्या लढाईपासून मोल्डोव्हाच्या हातात नाही, रशियन सैनिक आजही तिथे आहेत. पण २०१४ पासून मोल्डोव्हाच्या बायोमेट्रिक पासपोर्टवर युरोपात व्हिसाशिवाय फिरता येतं आणि तो पासपोर्ट नदीपलीकडच्यांनाही मिळतो. ट्रान्सनिस्ट्रियाच्या राजधानीचा, तिरास्पोलचा शेरीफ फुटबॉल संघ २०२१ मध्ये रिअल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवून आला, तो मोल्डोव्हाचा विजेता म्हणून तिथे गेला होता!

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटच्या वेळी सी विंग वेगळी व्हायला निघाली होती. बाहेरचा एक माणूस घरोघरी सांगत फिरायचा, 'ए विंगला कार्पेट एरिया जास्त मिळणार.' कमिटीने संतापून खुलासा काढला. तो लिफ्टशेजारी आठवडाभर लटकला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग सगळ्या फ्लॅटच्या एरियाचा तक्ता सी विंगच्याच जिन्याखाली लावला. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आपल्या आकड्यावर बोट ठेवून ए विंगमधल्या बहिणीला फोनवर वाचून दाखवत होत्या, 'तुझा किती गं?'

'त्यापेक्षा गप्प बसावं,' हे तुमचं शेवटचं वाक्य. कधीकधी हो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझियात रशियन गुंतवणुकीच्या कराराविरुद्ध लोक संसदेत घुसले, अध्यक्ष असलान बझानिया यांना राजीनामा द्यावा लागला. आंदोलक रशियाच्या विरोधात नव्हते, आपल्या जमिनी जातील ही त्यांची धास्ती होती. जॉर्जियाने त्यात उडी घेतली असती, तर ते आंदोलन एका दिवसात तिबिलिसीचं, म्हणजे जॉर्जिया सरकारचं ठरलं असतं. अबखाझियातल्या रुग्णांना जॉर्जिया मोफत उपचार देत आलाय, ते मात्र थांबायला नकोत.

मूळ लेखात 'मानसिक प्रभाव' हा शब्द मी नीट उलगडला नव्हता. तो परिच्छेद आज रात्री बदलतो. बाकी लेख तसाच ठेवतोय.